शाळेचा जमाखर्च आणि व्यवसायनीती

(सुरत येथील मराठी माध्यमाच्या शाळांचे मुख्याध्यापक, लेखा-कर्मचारी, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य व पालक यांच्यासाठी सिद्ध केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शाळेचा विचार निघाला की शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षांचे निकाल यांची चर्चा होते. शाळेचा जमाखर्च लिहिणारा, देयके तयार करणारा, सामानाची खरेदी करणारा आणि दाखले देणारा माणूस मात्र या चर्चेत क्वचितच येतो. त्याची आठवण होते ती अफरातफर उघडकीस आल्यावर. वास्तविक फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाइतकाच कार्यालयात बसलेला हा सेवकही मुलांच्या शिक्षणास जबाबदार असतो. खडू वेळेवर येणे, पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ राहणे, गणवेशाची रक्कम योग्य मुलीच्या खात्यात जमा होणे, या सर्व गोष्टी त्याच्या लेखणीवर अवलंबून असतात. म्हणून वैद्याला किंवा वकिलाला जशी व्यवसायनीती असते, तशी शालेय अर्थव्यवहार सांभाळणाऱ्यालाही असणे अगत्याचे आहे.

सुरत आणि मराठी शिक्षण

सुरतेचा मराठी शिक्षणाशी असलेला संबंध जुना आहे. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि दुर्गाराम मेहताजींसारख्या गुजराती शिक्षकांच्या सहकार्याने त्यांनी १८४४ साली याच नगरीत मानवधर्मसभेची स्थापना केली. १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये अस्तित्वात आली, तोवर सुरत मुंबई राज्यातच होते. त्यामुळे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा व १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा दोन्ही राज्यांना वारशाने मिळाले. नगरपालिकेच्या शाळांसाठी शिक्षण समिती असावी, तिच्या कारभारासाठी शासकीय अधिकारी असावा, विश्वस्तांनी हिशेब ठेवावेत व ते तपासून घ्यावेत, ही चौकट दोन्हीकडे एकाच मुळातून आलेली आहे.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालविल्या जातात. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे राहतात. यंत्रमागावर, कापडाच्या गिरणीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या या पालकाला हिशेबाची वही उघडून पाहण्यास सवड नसते, आणि पुष्कळदा कार्यालयाची भाषाही त्याची नसते. तो विश्वासावर मूल शाळेच्या स्वाधीन करतो. ज्याला तपासणी करता येत नाही, त्याच्याशी केलेला व्यवहार अधिक चोख असला पाहिजे, हे नीतीचे पहिले सूत्र होय.

हा पैसा कोणाचा?

शाळेच्या पेटीत तीन वाटांनी पैसा येतो. शासनाचे अनुदान, पालकांची फी आणि दानशूरांची देणगी. यांपैकी एकही पैसा मुख्याध्यापकाचा, लिपिकाचा वा संस्थेच्या चिटणीसाचा नसतो. ते सर्व त्या पैशाचे राखणदार असतात.

केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आर्थिक औचित्याची काही तत्त्वे दिलेली आहेत, आणि राज्यांच्या वित्तीय नियमांचा गाभाही तोच आहे. सुज्ञ माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जितकी दक्षता घेतो, तितकीच सरकारी पैशाबाबत घ्यावी. प्रसंगाला लागेल त्याहून अधिक खर्च करू नये. ज्या मंजुरीपासून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने स्वतःचा लाभ होईल, ती मंजुरी स्वतः देऊ नये. विशिष्ट व्यक्तीच्या वा गटाच्या फायद्यासाठी सार्वजनिक पैसा वापरू नये. भत्ते हे कमाईचे साधन बनू देऊ नये. या पाच गोष्टी समजण्यास लेखाशास्त्राची पदवी लागत नाही. घरचा बाजारहाट करणारी कोणतीही गृहिणी त्या जाणते.

तरीही एक घसरण सर्वत्र आढळते. संध्याकाळी जमा झालेली रक्कम बँकेत न भरता कोणी घरी नेतो, अडचण भागवतो आणि पगार झाल्यावर परत ठेवतो. आपण चोरी केली असे त्याला वाटत नाही, कारण पै न पै परत केलेली असते. लेखापरीक्षक मात्र यास तात्पुरता अपहार म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मालकाला न विचारता घेतलेली वस्तू परत केल्याने घेण्याची कृती पुसली जात नाही. मोठ्या अपहारांची सुरुवात बहुधा अशाच उसनवारीने झालेली असते.

हजेरीपट हाच पहिला हिशेब

शाळेच्या जमाखर्चाचे मूळ रोजमेळात नसून हजेरीपटात असते. पटावरील संख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात, त्यावरून वेतन ठरते. माध्यान्ह भोजनाचे धान्य, पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्ती व शाळा अनुदान हीही त्याच संख्येच्या मागून येतात. म्हणून पटावर लिहिलेले एक खोटे नाव म्हणजे अनेक खोटी देयके होत.

याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानाप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. कागदावरील आणि वर्गातील संख्येत लक्षावधींची तफावत निघाली. ज्या शाळांत निम्म्याहून अधिक मुले गैरहजर आढळली, त्यांच्यावरील फौजदारी कारवाईचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या खोट्या नावांमागे प्रत्येक वेळी लोभच होता असे नाही. तुकडी तुटेल, सहकारी शिक्षक अतिरिक्त ठरेल, शाळाच बंद पडेल, ही भीतीही होती. परंतु या भीतीपोटी लिहिलेले नाव दुसऱ्या एखाद्या शाळेतील खऱ्या मुलाचा शिक्षक हिरावून घेते. शिवाय ज्या शाळेत शिक्षक रोज सकाळी मुलांसमोर खोटी हजेरी मांडतो, त्या शाळेत सत्याचा पाठ कोण शिकवणार? पटसंख्या घटत असेल तर ती घटल्याचेच वरिष्ठांना कळविणे, आणि शाळा टिकविण्याचे उपाय उघडपणे मागणे, हाच मार्ग उरतो.

दहा ग्रॅमचा प्रश्न

गुजरातेत माध्यान्ह भोजन योजना १९८४ साली सुरू झाली, राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, आणि २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०२१ पासून ती पीएम पोषण या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल, असे प्रमाण योजनेने घालून दिले.

समजा, ४०० मुलांच्या प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलामागे दहा ग्रॅम धान्य कमी शिजले. ताटाकडे पाहून ते कोणाच्या ध्यानात येणार नाही. पण दिवसाचे चार किलो, आणि शिक्षण हक्क कायद्यातील किमान २०० दिवसांचे आठ क्विंटल होतात. १०० ग्रॅमच्या हिशेबाने ही आठ हजार जेवणे झाली. ज्या मुलाची आई पहाटेच्या पाळीला गेलेली असते, त्याच्या दृष्टीने दुपारचे हे जेवण कित्येकदा दिवसाचे पहिले जेवण असते. साठा नोंदवहीत लिहिणाऱ्याने हे चित्र नजरेसमोर ठेवावे. गोणी उतरताना वजन करावे, नोंद त्याच दिवशी करावी, आणि कमी भरलेली गोणी कमी म्हणूनच लिहावी.

खरेदी आणि आप्तस्वकीय

बाके, संगणक, गणवेश, छपाई यांच्या खरेदीत नीतीची खरी कसोटी लागते. एकाच दुकानदाराकडून तीन नावांची दरपत्रके घेणे, मंजुरीची मर्यादा चुकविण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडणे, मेहुण्याच्या दुकानातून माल घेणे, या युक्त्या कोणाला अपरिचित नाहीत. मेहुण्याचा माल कदाचित खरोखर स्वस्त व चांगला असेलही. परंतु निर्णय घेणाऱ्याने स्वतःच तसे ठरविणे उचित नाही. नाते लेखी कळवावे, त्या बैठकीतून उठावे आणि निर्णय इतरांवर सोपवावा. दिवाळीला पुरवठादाराकडून आलेली मिठाईची पेटी किरकोळ असते, पण तिच्यामुळे पुढील देयक तपासताना डोळा किंचित मिटतो.

स्वतःची कमाई आणि संस्थेची सेवा यांच्या सीमेचा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वीच उघडपणे चर्चिला गेला. १८८४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्य वाहावे अशी कल्पना होती. त्यांनी संस्थेबाहेरची कामे व प्राप्ती कितपत स्वीकारावी, यावरून तीव्र मतभेद झाले. इतर कारणांबरोबर या कारणानेही लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. दुसऱ्या पक्षाचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच संस्थेसाठी दारोदार निधी गोळा केला व आपल्या सेवेची वर्षे पुरी केली. दोन्ही पक्षांच्या सचोटीविषयी शंका नव्हती. सेवकाने बाहेर काय मिळवावे हा प्रश्न खासगी नसून संस्थेचा आहे, हे दोघांनीही मान्य केले होते. आजच्या काळात शाळेच्याच विद्यार्थ्यांच्या खासगी शिकवण्या घेणाऱ्यांनी आणि शाळेला माल पुरविणाऱ्या दुकानात भागीदारी ठेवणाऱ्यांनी त्यापासून बोध घ्यावा.

फी आणि दाखला

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रवेशासाठी देणगी घेण्यास त्याने मनाई केली व घेतलेल्या देणगीच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला. गुजरातेत २०१७ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या फीचे नियमन करणारा कायदा झाला, आणि सुरत विभागासाठीही फी नियमन समिती नेमण्यात आली. महाराष्ट्राने असा कायदा २०११ साली केला. फी समितीपुढे खर्चाचे आकडे मांडणारा लेखापाल विश्वस्तांचा नोकर असला, तरी त्या आकड्यांच्या सत्यतेबाबत तो पालकांनाही उत्तरदायी असतो.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने दाखल्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे. मंदी आली की यंत्रमाग थांबतात, कुटुंब तापीकाठच्या रेल्वेने खानदेशात परतते, आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरतेस येते. प्रत्येक वेळी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वरील कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे हा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ दिला पाहिजे, त्यास विलंब लावणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, आणि दाखला आला नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. तरीही ‘साहेब आले नाहीत, उद्या या’ असे सांगून एका मजुराची रोजी बुडविणे काहींना क्षुल्लक वाटते. दाखल्यासाठी पन्नास रुपये मागणे ही लाच आहेच. परंतु विनाकारण दोन खेपा घालावयास लावणे हीदेखील त्या गरिबाकडून केलेली वसुलीच होय.

सुरक्षिततेवरील खर्च

जो खर्च टाळल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, तो सुरक्षिततेचा. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागून ९४ मुले दगावली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील अग्निशमन साधने, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व इमारतीची सुरक्षितता यांबाबत आदेश दिले. आणि २४ मे २०१९ रोजी सुरतेच्याच सरथाणा भागात तक्षशिला इमारतीत शिकवणीच्या वर्गास लागलेल्या आगीत २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. खाली उतरण्याची वाट न उरल्याने मुलांनी वरून उड्या घेतल्या.

सुरतेच्या कोणत्याही पालकाला ती दुपार विसरता येणार नाही. अग्निशमन नळकांडे भरून आणण्याचे देयक, विजेच्या जुन्या तारा बदलण्याचा प्रस्ताव, जिन्यात रचलेले भंगार हलविण्याची मजुरी, हे सारे कागद कोणत्या ना कोणत्या लेखापालाच्या मेजावरून जातात. प्रत्यक्ष तपासणी न करता ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा मारणे हे आर्थिक अपहारापेक्षाही गंभीर पातक होय. अपहाराची रक्कम वसूल करता येते.

अब्रू झाकण्याचा मोह

गैरव्यवहार आढळल्यावर संस्थेची अब्रू जाईल म्हणून तो दडपण्याकडे कल असतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील रोझलिन येथील शाळामंडळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २००२ मध्ये व्यवसाय विभागाच्या अधिकारी स्त्रीने शाळेचा पैसा घरासाठी वापरल्याचे उघडकीस आले. मंडळाने काही रक्कम भरून घेतली, पोलिसांस न कळविता तिला निवृत्त होऊ दिले आणि प्रकरण मिटविले. परंतु खुद्द शिक्षणप्रमुखही त्या लुटीत सामील होते. २००४ साली शाळेच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने प्रकरणाला वाचा फोडली. राज्याच्या लेखातपासणीत सुमारे १ कोटी १२ लाख डॉलरचा गैरवापर निष्पन्न झाला. दोघांनाही तुरुंगवास घडला. पुढे त्या राज्याने शाळामंडळांच्या सदस्यांना आर्थिक प्रशिक्षण व अंतर्गत लेखातपासणी कायद्याने बंधनकारक केली. झाकल्याने अब्रू राहिली नाही, फक्त नुकसान वाढले.

चांगल्या हेतूचे खोटे प्रमाणक

या सर्वांहून अवघड प्रसंग प्रामाणिक माणसावर येतो. अनुदान मार्चच्या अखेरीस हाती पडते आणि ३१ मार्चपूर्वी खर्ची घालावयाचे असते. वर्गात गळणारे छप्पर असते, पण मंजूर रक्कम क्रीडासाहित्याची असते. अशा वेळी क्रीडासाहित्याचे खोटे देयक करून छप्पर दुरुस्त करणाऱ्या मुख्याध्यापकाने एक पैसाही खाल्लेला नसतो. गावकरी त्याचे कौतुकही करतात. तरीही ही वाट धोक्याची आहे. एकदा खोटे देयक करणारा दुकानदार सापडला की पुढच्या वेळी त्याच्याकडे दुसरा कोणी वेगळ्या हेतूने जातो. शिवाय छपरासाठी पैसा लागतो ही गोष्ट कागदावर येतच नाही, आणि पुढील वर्षीही क्रीडासाहित्याचीच रक्कम येते. नियम अडचणीचा असेल तर तो वाकविण्यापेक्षा अडचण लेखी नोंदवावी, रक्कम वळविण्याची परवानगी मागावी, व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. अधिकाऱ्यांचेही येथे कर्तव्य आहे. अनुदान वेळेवर पाठविणे आणि अशा विनंत्यांना तत्परतेने उत्तर देणे हे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ते न केल्यास कनिष्ठाच्या खोटेपणाचा काही वाटा त्यांच्याकडेही येतो.

वरिष्ठाने चुकीच्या कागदावर सही मागितली तर कनिष्ठाने काय करावे? उद्धटपणा न करता तोंडी आदेश लेखी मागावा. नियम काय सांगतो ते टिपणीत लिहावे. टिपणीची प्रत जपून ठेवावी. लेखी मागताच बहुतेक चुकीचे आदेश मागे घेतले जातात. जुन्या काळी तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. आज किल्लीची जागा संगणकाच्या पासवर्डने घेतली आहे. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांक तयार करून वेतन काढल्याच्या आरोपावरून अटका झाल्या व विशेष तपास पथक नेमण्यात आले. स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे होय, हे त्या निमित्ताने सर्वांनी ध्यानी घ्यावे.

प्रत्येकाचा वाटा

कौटिल्याने अर्थशास्त्रात राज्यकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. दोन हजार वर्षांत त्यांत नव्या प्रकारांची भर पडली असेल, परंतु उपाय तेच आहेत. पैसा घेणारा व हिशेब लिहिणारा एकच नसावा. रोजमेळ रोजच पुरा व्हावा. जडवस्तूंची मोजणी वर्षातून एकदा प्रत्यक्ष व्हावी. लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला राग न धरता मुदतीत उत्तर द्यावे.

पालकांच्या हातीही साधन आहे. स्थानिक प्राधिकरणाच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि अनुदानाच्या विनियोगावर समितीने देखरेख ठेवावी, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. समितीच्या बैठकीत केवळ अंगठा वा सही देऊन परतू नये. किती आले, कशावर गेले, किती उरले, हे तीन प्रश्न दर बैठकीत विचारावेत. शाळेनेही हे तीन आकडे मुलांच्या घरच्या भाषेत फलकावर लावावेत.

१९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगच्या साथीने सुरतेची देशभर मानहानी झाली. त्यानंतर १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी विभागीय अधिकाऱ्यांना आर्थिक अधिकार दिले, त्याबरोबर त्यांना जबाबदारही धरले आणि रोज प्रत्यक्ष स्थळी पाहणीस पाठविले. अल्पावधीत शहराचे रूप पालटले. अधिकार, उत्तरदायित्व आणि प्रत्यक्ष पाहणी या तीन गोष्टी एकत्र आल्या तर कारभार सुधारतो, हे याच नगरीने सिद्ध केले आहे. शाळेच्या कार्यालयातही तेच घडू शकेल. जमाखर्चाची वही कोणत्याही पालकापुढे केव्हाही उघडता यावी, इतकी ती स्वच्छ ठेवणे हेच शालेय अर्थसेवकाचे व्रत असले पाहिजे.